मदत हवी आहे: थंडीतलं काँक्रीट – माझ्या गणितात पाणी ७७° येतंय, उत्तरात मात्र 'पाणी तापवून भागणार नाही' असं का?

ऐरोली_सिव्हिल

नमस्कार. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात काँक्रीट टेक्नॉलॉजीची तोंडी परीक्षा आहे. एका गणितात अडकलेय.

एक घनमीटर मालासाठी: सिमेंट ३८० किलो, तापमान १०°. खडी आणि वाळू मिळून कोरडं वजन १८५० किलो, तापमान −२°. खडी-वाळूत आधीच असलेला ओलावा ४० किलो. वरून घालायचं पाणी १३० किलो. मिक्सरमधून माल १५° से. ला बाहेर यायला हवा. पाणी किती तापवावं लागेल?

मी असं केलं (सिमेंट, खडी, वाळूची विशिष्ट उष्णता ०.२२, पाण्याची १ धरून):

सिमेंट, खडी, वाळू: ०.२२ × [१८५० × (−२) + ३८० × १०] = २२
ओलावा: ४० × (−२) = −८०
छेद: ०.२२ × २२३० + ४० + १३० = ६६०.६
हवी ती उष्णता: १५ × ६६०.६ = ९९०९
पाणी: (९९०९ − २२ + ८०) ÷ १३० = ७६.७°

उत्तर दिलंय ते असं: 'केवळ पाणी तापवून भागणार नाही, खडी तापवावी.' ७७° चं पाणी करता येतं की. चुकलं कुठे?

दुसरा प्रश्न. घोडबंदर रोडच्या एका साइटवर ट्रेनिंग चालू आहे. ४ मीटर गाळ्याचा स्लॅब, सिमेंट पीपीसी (फ्लाय अॅश म्हणजे राख मिसळलेलं). पहाटे हवेचं तापमान १४° होतं. सुपरवायझर म्हणाले, 'थंडी आहे, टेकू सात दिवसांनी नको, अजून दोन दिवस राहू देत.' पुस्तकात तर थंडीतलं काँक्रीट ५° च्या खाली सुरू होतं. मग ठाण्यात १४° ला थांबायचं कारण काय?

पारसिक

तुमची आकडेमोड बरोबर आहे, गोष्ट एकच सुटली. −२° ला खडीतला ओलावा पाणी राहत नाही, तो बर्फ असतो. तुम्ही त्याला −२° चं पाणी धरलंत.

बर्फ वितळायला किलोमागे ८० किलोकॅलरी लागतात आणि तेवढ्या वेळात त्याचं तापमान एका अंशानेही चढत नाही. शिवाय बर्फाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी, ०.५. म्हणून ओलाव्याची ओळ अशी हवी:

४० × (−२ × ०.५ − ८०) = ४० × (−८१) = −३२४०

आता पाणी: (९९०९ − २२ + ३२४०) ÷ १३० = १३१२७ ÷ १३० = १०१°

पाणी १००° लाच उकळतं. उत्तरातल्या वाक्याचं कारण तेवढंच. फक्त ४० किलो ओलावा गोठलेला आहे, तर सगळं गणित फिरलं. तोंडीत विचारलं तर 'सुप्त उष्णता' हा शब्द आधी यायला हवा, आकडा मागाहून.

आता खडी-वाळू ५° ला आणून तुम्हीच पुन्हा करून बघा. बर्फ गेला की ओळ साधी होते.

ऐरोली_सिव्हिल

केलं. ०.२२ × (१८५० × ५ + ३८०० ) = २८७१, ओलावा ४० × ५ = २००. (९९०९ − ३०७१) ÷ १३० = ५२.६°. म्हणजे खडी फक्त ७ अंशांनी वर आणली आणि पाणी १०१ वरून ५३ वर आलं!

पण मग नेहमी पाणीच आधी तापवा असं का सांगतात? खडी तर वजनाने चौदा पट आहे.

सेक्टर१९_नेरूळ

वजन चौदा पट, पण किलोमागे उष्णता धरायची ताकद पाण्याच्या पाव हिश्शाहूनही कमी, ०.२२. तुमच्याच आकड्यांवरून काढा. मालाचं तापमान १° वर न्यायला खडी-वाळू १.६ अंशांनी चढवावी लागते, पाणी ५ अंशांनी, सिमेंट जवळजवळ ८ अंशांनी. कागदावर खडी सोपी दिसते. पण पावणेदोन टन दगड सारखा तापवणं हे काम किती अवघड ते प्लँटवर कळतं. ढिगाखालून आच दिली तर तळाची खडी भाजून निघते आणि वरची गोठलेलीच राहते, मग एका बॅचचा माल घट्ट आणि दुसऱ्याचा पातळ. म्हणून खडीखाली वाफेचे नळ फिरवतात आणि वर ताडपत्री टाकतात. पाण्याची टाकी एकसारखी तापते आणि थर्मामीटरने लगेच तपासता येते.

सिमेंट तापवायचं नसतं. ते कोरड्या, उबदार गोदामात ठेवलं की पुरे.

मिक्सरमध्ये टाकायचा क्रम लक्षात ठेवा, तोंडीत हमखास विचारतात. गरम पाणी आणि खडी-वाळू आधी, ती एकजीव झाली की सिमेंट. पाणी ६० च्या वर असताना थेट सिमेंटवर पडलं तर जागच्या जागी गोळे होतात आणि माल क्षणात आखडतो. खडीशी आधी गाठ पडली की पाण्याची धग उतरते, मग सिमेंट सुरक्षित.

आणि १५° हा आकडा गणितवाल्याने हवेतून काढलेला नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (एसीआय) ३०६ नुसार ३०० मिमीपेक्षा पातळ छेदाला माल ओतताना किमान १३° हवा. ३०० ते ९०० मिमीला १०°, ९०० ते १८०० ला ७°, त्याहून जाडाला ५°. जाड छेद स्वतःच्या उष्णतेवर ऊब धरतो म्हणून सूट. फिरत्या ड्रममधून वाहतूक असेल तर तासाला ०.२५ × (मालाचं तापमान − हवेचं तापमान) एवढी घट धरतात. हवा −२° आणि प्रवास अर्धा तास: ०.२५ × १५ × ०.५ = १.९°. तेरात मिळवा, १५ आलेच.

किमान आकड्याच्या फार वर मात्र जायचं नाही. एसीआय ११ अंशांची मर्यादा घालतं. माल जास्त गरम असेल तर पाणी जास्त मागतो, स्लंप (मालाचा सैलपणा) लवकर पडतो, आणि पुढे एकदम थंड होताना तडे जातात.

पारसिक

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण ठाणे-नवी मुंबईच्या पोरांना खरा उपयोग त्याचा.

थंडीतलं काँक्रीट म्हणजे हवा ५° किंवा त्याखाली, हे भारतीय मानक आयएस ७८६१ भाग २ (१९८१) मधलं. तो आकडा ठाण्याला लागू पडत नाही, आपल्याकडे भाग १ म्हणजे उन्हाळ्याचाच जास्त कामाचा. पण सेंट्रिंगसाठी (साचा आणि टेकू) दुसरी रेषा आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आयएस ४५६ : २००० मध्ये कलम ११.३.१ उघडा. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी, हे सगळे पाठ करतात. त्याच्या वरचं वाक्य कुणी वाचत नाही: हवेचं तापमान १५° च्या खाली जात नसेल, सिमेंट साधं पोर्टलँड (ओपीसी) असेल आणि क्युरिंग (पाणी मारणं) पुरेसं झालं असेल तर. सिमेंट दुसरं किंवा तापमान कमी असेल तर मुदत बदलावी, असंही तिथेच म्हटलंय.

तुमच्या साइटवर पहाट १४° ची आणि सिमेंट पीपीसी. दोन्ही अटी मोडल्या. सुपरवायझर नियमाला धरूनच बोलले.

आता दोन दिवसच का, तेही काढता येतं. परिपक्वता म्हणजे तास × (तापमान + ११). प्लोमनचं सूत्र: २८ दिवसांच्या ताकदीची टक्केवारी = २१ + ६१ × लॉग (परिपक्वता ÷ १०००), एम२० ते एम३५ या प्रतींच्या आसपासच्या मालाला.

२७° ला ७ दिवस: १६८ × ३८ = ६३८४, ताकद ७० टक्के.
दिवसरात्रीची सरासरी २०° धरली: १६८ × ३१ = ५२०८, ताकद ६५ टक्के.
२०° ला तेच ६३८४ गाठायला २०६ तास, म्हणजे साडेआठ दिवस. दीड दिवस जास्त.

फरक पाच टक्क्यांचा, घाबरण्याएवढा नाही, पण टेकू काढताना गृहीत धरण्याएवढा नक्की. आणि हेच ५° ला लावलं तर ३९९ तास, साडेसोळा दिवस. मनाली-लडाखच्या साइटवर सात दिवसांचा पाठ घेऊन गेलेला माणूस तिथे फसतो.

कळवा_खाडी

पारसिक, एक दुरुस्ती. प्लोमनचे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे. पीपीसी किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) असलेल्या मालाला ते जसेच्या तसे लावू नका. फ्लाय अॅश आणि स्लॅग थंडीत ओपीसीपेक्षाही जास्त मंदावतात, त्यामुळे दीड दिवस हा कमीत कमी धरा. आणि सुरुवातीलाच गोठलेल्या मालाला तर परिपक्वतेचं सूत्र लागूच पडत नाही.

टेकूचा निर्णय सूत्रावर घेऊ नये, चाचणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्यावा. लॅबमधले ठोकळे २७ ± २° च्या टाकीत पोहत असतात, त्यांना साइटची पहाट माहीतच नाही. ते मिक्स बरोबर आहे का एवढंच सांगतात. टेकूसाठी वेगळे तीन ठोकळे भरा, स्लॅबवरच ठेवा, त्याच गोणपाटाखाली, आणि तेच फोडा. काढताना मालावर जेवढा ताण येणार त्याच्या किमान दुप्पट ताकद हवी, हे आयएस ४५६ चं मूळ तत्त्व. दिवसांचा तक्ता त्याच्या नंतर येतो.

आपल्याकडच्या जानेवारीत अजून एक गडबड होते. आरएमसीत (तयार काँक्रीटच्या प्लँटवर) उन्हाळ्याचाच रिटार्डरचा (सेट होणं लांबवणारं रसायन) डोस चालू राहतो. रात्री माल ओतला, हवा १५-१६°, पीपीसी, वरून रिटार्डर. पहाटेपर्यंत स्लॅब ओलाच. मिस्त्री कंटाळतो, वर सुकं सिमेंट भुरभुरतो आणि पॉलिश मारतो. त्याने वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्याऐवजी प्लँटला चार दिवस आधी सांगून डोस कमी करून घ्या, ट्रायल घ्या.

आणि दुपारी याच्या उलट. जमिनीकडून येणारा कोरडा वारा, दमट हवा गायब. ओल्या पृष्ठभागावरून पाणी तासाला चौरस मीटरमागे १ किलोच्या पुढे उडायला लागलं की केसासारख्या भेगा येतात. थंडी आहे म्हणून गोणपाट उशिरा टाकलं तर चालतं असं मानू नका. पीपीसीला पाणी किमान १० दिवस मारायचं.

ऐरोली_सिव्हिल

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका उरल्या. माल गोठू नये म्हणून मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड घालतात असं वाचलंय, ते सळईच्या कामात चालतं का? आणि गोठून गेलेला माल ओळखायचा कसा?

सेक्टर१९_नेरूळ

सळईच्या कामात नाही. हिशोब बघा: सिमेंटच्या २ टक्के कॅल्शियम क्लोराइड म्हणजे ३८० किलोला ७.६ किलो. निर्जल धरलं तर त्यात क्लोराइड ६४ टक्के, ४.९ किलो. आयएस ४५६ सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोवर थांबतं, प्रीस्ट्रेसला (ताणलेल्या तारांच्या कामाला) ०.४ वर. आठ पट! सळई गंजणारच. क्लोराइड नसलेला अॅक्सिलरेटर (माल लवकर घट्ट करणारं रसायन) घ्या, कॅल्शियम नायट्रेटवर आधारलेला मिळतो. आणि 'गोठू नये म्हणून' हे शब्द तोंडीत टाळा. ही रसायनं माल लवकर घट्ट करतात, पाण्याचा गोठणबिंदू म्हणावा असा खाली नेत नाहीत. गोठण्यापासून वाचवतं ते पांघरूण.

कळवा_खाडी

गोठलेला माल ओळखायचा तर आधी हे समजा की कडक झालेला माल सेट झालेला असेलच असं नाही. बर्फानेही तो दगडासारखा होतो. थोडी जागा गरम करून बघा, मऊ पडली तर आत सिमेंटचं काम झालेलंच नाही.

वितळल्यानंतर पृष्ठभागावर पिसासारख्या किंवा नेच्याच्या पानासारख्या रेघा दिसतात, त्या बर्फाच्या स्फटिकांचे ठसे. नखाने खरवडलं तर भुकटी निघते. एखादी खडी उपसून बघा. तिच्याखाली गुळगुळीत, रिकामी खोबण दिसते, कारण तिथे बर्फाचा पापुद्रा बसला होता. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि सिमेंटची खडीवरची पकड तिथेच सुटते. असा माल पुढे कितीही दिवस ठेवला तरी निम्मी ताकद गेलेली असू शकते, म्हणून तो काढून टाकावा लागतो.

३.५ एमपीए (चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन) ताकद आल्यावर पहिल्या गोठण्याचा धोका टळतो. पण पाणी पीत राहणारं, वारंवार गोठणारं काम असेल तर हवा अडकवणारं रसायनही लागतं: २० मिमी खडीला ५ ± १ टक्का हवा.

पांघरूण घालताना कडा आणि कोपरे जास्त जाड झाका, उष्णता तीन बाजूंनी तिथूनच जाते. गोठलेल्या जमिनीवर किंवा बर्फ बसलेल्या सळईवर माल ओतू नका. तंबू करून शेगडी लावली तर धूर बाहेर काढा. त्यातला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागाची भुकटी करतो आणि कार्बन मोनॉक्साइड आतल्या मजुरांचा जीव घेतो. आणि पांघरूण एकदम ओढून काढायचं नाही, दिवसभरात हळूहळू उतरवायचं.

ऐरोली_सिव्हिल

साइटवर सांगितलं. स्लॅबवर तीन ठोकळे गोणपाटाखाली ठेवलेत, नवव्या दिवशी फोडणार. टेकू तोवर तसेच.

पारसिक

ठोकळ्यांवर भरल्याची तारीख आणि वेळ खिळ्याने कोरा. मार्करची शाई पाण्यात जाते.