रडका, करुण की हृदयद्रावक? डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सिनेमाला म्हणायचं काय?

फोंड्याहून:
आमच्या वाचनालयात अधूनमधून मराठी सिनेमा दाखवतात. बाहेरच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडे. यावेळी 'श्वास' आहे. मी लिहिलं, 'हृदयद्रावक मराठी चित्रपट'. कार्यवाहांनी वाचलं आणि म्हणाले, "बाय, हें अपघाताचे खबरेवरी दिसता." पुसून टाकलं. 'रडका' लिहावं तर कोणी फिरकणार नाही, 'करुण' लिहावं तर संस्कृतचा तास वाटतो. इंग्रजीवाले टिअरजर्कर म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे सुटसुटीत शब्द आहे का?

पेडण्याहून:
ताई, तुमच्या कार्यवाहांचा कान तयार आहे. 'द्रावक' म्हणजे पातळ करणारा, वितळवणारा. शब्द मुळात सुरेख. पण वर्तमानपत्रांनी तो आगी, बुडणं आणि ट्रकच्या धडका यांच्या नावावर करून टाकला. आता 'हृदयद्रावक' वाचलं की पुढे 'घटना' हाच शब्द येणार असं वाटतं.

'करुण'ची अडचण वेगळी. करुण हा रस, शोक त्याचा स्थायीभाव. म्हणजे कलाकृतीत काय आहे ते कळलं, बघणाऱ्याचं काय होणार ते नाही. करुण नाटक बघून कोरड्या डोळ्यांनी घरी आलेले पुष्कळ असतात. (आणि कृपा करून 'कारुणिक' लिहू नका. कारुणिक म्हणजे दयाळू. देव कारुणिक असतो, सिनेमा नव्हे.) गंमत अशी की नाट्यशास्त्रात अश्रू करुणाच्या एकट्याच्या मालकीचे नाहीतच. ते आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, एक. स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्या पंगतीला बसतात. त्यांची कारणं देताना शोक आणि भय तर आहेच, पण आनंद, चीड, धूर, काजळ, जांभई, थंडी हेही आहे आणि पापणी न लवता एकटक बघणंही! अंधारात अडीच तास पडद्याकडे बघणाऱ्यांना हे शेवटचं कारण तरी पटावं.

आता 'रडका'. बोलका, खेळका, चिडका, भांडका हे शब्द घ्या. सगळे कर्त्याची सवय सांगतात. त्याच न्यायाने रडका सिनेमा म्हणजे जो स्वतःच सारखा रडतो तो. पडद्यावर गंगा-यमुना वाहतायत आणि आपण घड्याळ बघतोय. म्हणून तो शब्द शिवीसारखा लागतो, आणि बरोबरच लागतो.

मराठीचं असं आहे की रडवणाऱ्याला नाव देण्यात ती कंजूष, रडणाऱ्याला शब्द पुरवण्यात मात्र उधळी. नुसते डोळे पाणावले, तर पाणी पापणीच्या आतच थांबलं. गलबललं, तर डोळे कोरडेही असतील, हाललं ते आत. कंठ दाटला म्हणजे आवाज अडला. गहिवरात दुःखापेक्षा माया जास्त, म्हणून खूप दिवसांनी भेटलेल्या माणसालाही गहिवरून येतं. उमाळा आतून वर येतो, आणि बहुतेकदा कोणाच्या तरी आठवणीने. कढ एकटा येत नाही, एक ओसरला की दुसरा. हुंदका श्वासाचा. टिपं गाळणं यात किंचित चेष्टा. धाय मोकलून रडणं म्हणजे घरात मढं पडल्यासारखं, ते सिनेमासाठी वापरलं तर अतिशयोक्ती होते.

मग फळ्यावर विशेषण कशाला? प्रेक्षकाचं काय होणार ते सांगा. 'श्वास'मध्ये आजोबा नातवाला उपचाराला शहरात आणतात, डोळ्यांचा कर्करोग निघतो. जगवायचं तर शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार. हे पोराला सांगायला हवं, आणि ते आजोबांच्या तोंडून निघत नाही. ऑपरेशनच्या दिवशी ते त्याला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात, दिसतंय तोवर जग बघू दे म्हणून. इथे ओक्साबोक्शी कोणी रडत नाही, गलबलतं. 'गलबलून टाकणारा' लिहा. मुळात ती अकर्मक क्रिया आहे म्हणून कोणी नाक मुरडेल, मुरडू दे.

पणजीहून:
सर, 'रडका'वर अन्याय झाला. आमच्या आई-मावश्यांच्या तोंडी तो शब्द शिवी नव्हता. १९९१ चा 'माहेरची साडी' बघून आल्यावर "काय रडका सिनेमा गो!" असं त्या सांगायच्या ते कौतुकाने, आणि शेजारणीला घेऊन पुन्हा जायच्या. जेवण झणझणीत होतं म्हणतात ना, त्याच सुरात. पैसे वसूल झाल्याची पावती होती ती. रडक्या सिनेमाला नाक मुरडायला लागलो ते आपण, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत आल्यावर, गळ्यात कार्ड अडकवून. तिथून बाहेर पडणारे 'सिनेमा अंगावर आला' म्हणतात. रडलो असं म्हणायची लाज.

आणि प्रतिष्ठेचंच म्हणाल तर हिशेब बघा. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक मिळालं अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. त्यानंतर तो मान मराठीला मिळाला तो थेट 'श्वास'लाच. दोन्ही रुमाल भिजवणारे. ताई, सरळ 'रुमाल घेऊन या' लिहा. गर्दी होते की नाही बघा.

पेडण्याहून:
मावश्यांचं मान्य. पण बोललेला शब्द आणि फळ्यावरचा शब्द यांत फरक पडतो. मावशीचा सूर खडूत उतरत नाही.

फोंड्याहून:
मग 'रडवा' चालेल का? फसवणारा तो फसवा, तसा रडवणारा तो रडवा?

पेडण्याहून:
तर्काला धरून आहे, वापराला नाही. फसवा माणूस दुसऱ्याला फसवतो. रडवा चेहरा मात्र कोणाला रडवत नाही, तो स्वतःच रडायच्या बेतात असतो. 'रडवा सिनेमा' वाचून लोकांना वाटेल प्रिंट खराब आहे. बोलपटाच्या चालीवर 'रडपट' थट्टेत ठीक. 'चटका लावणारा' बरा शब्द आहे, पण चटका बसतो तो अचानक, अवेळी काही तुटलं की, म्हणून मृत्युलेखांत त्याची जास्त वस्ती. ओढूनताणून रडवणाऱ्या सिनेमाला यातला कुठलाच देऊ नका.

डिचोलीहून:
थोडं वेगळं, पण याच पाण्यातलं. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या घरात कोंकणी, तिथे अश्रूंना 'दुकां'. निबंधात एकाने लिहिलं, 'आईला बघून तिच्या डोळ्यांत दुःखे आली.' लाल पेन उचललं आणि हात थांबला, वाक्य काही वाईट नव्हतं. तरी दुरुस्त केलं, परीक्षा आहे.

आणखी एक चूक मोठ्यांचीही दिसते, परवा एका निमंत्रणपत्रिकेत होती: 'प्रेक्षकांच्या डोळ्यांतून एक आसव ओघळले'. आसवे हे अनेकवचन, एकवचन आसू. गळू-गळवे तसं आसू-आसवे. आसव म्हणजे द्राक्षासव, कुमार्यासव, बाटलीतलं. गोव्यात तर हा घोटाळा जास्तच महागात पडेल. खात्री नसेल तर 'डोळ्यांत पाणी' लिहावं, त्याला एकवचन-अनेकवचनाची भानगड नाही.