बुद्ध्यंक की बुद्धिगुणांक?

प्रश्न : एका नऊ वर्षांच्या मुलीच्या बुद्धिमापन चाचणीचा अहवाल मी मराठीत करून दिला आणि त्यात ‘बुद्धिगुणांक 112, शततमक 79’ असे लिहिले. तिच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवून ‘112, पण कितीपैकी?’ असे विचारले. 79 म्हणजे 79 टक्के गुण असे समजून उरलेले 21 कुठे गेले, या काळजीतही ते पडले. कोणते शब्द योजायला हवे होते?

प्रतिसाद : ‘बुद्ध्यंक’ लिहावे. मात्र ‘बुद्ध्यांक’ लिहू नये, कारण अति + अंत याचे जसे ‘अत्यंत’ होते, तसेच बुद्धि + अंक याचे ‘बुद्ध्यंक’ होते; ‘अत्यांत’ कोणी लिहीत नाही.

प्रतिसाद : माझ्या शाळेतल्या बाई फळ्यावर ‘बुद्ध्यांक’च लिहीत आणि आजही बहुतेकांच्या तोंडी तेच रूप आहे. रूढ झालेले रूप संधीच्या नियमाखातर अशुद्ध ठरवणे मला मान्य नाही.

प्रतिसाद : संधीपेक्षा ‘गुणांक’ या शब्दाकडे पाहा. बीजगणितात ‘3क्ष’ यातील 3 हा गुणांक असतो, तर शाळेत गुणांक म्हणजे मिळालेले गुण, आणि वडिलांची फसगत तिथेच झाली. मूळ कल्पना भागाकाराची होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचे सुचवले आणि 1916 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी त्याला 100 ने गुणण्याची पद्धत रुळवली. आठ वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाइतके करू शकले, तर 125. पण मानसिक वय प्रौढपणी वर्षागणिक वाढत नसल्यामुळे हा हिशेब मोठ्यांना लावता येईना. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांनी 1939 मध्ये समवयस्कांची सरासरी 100 धरून, माणूस तिच्यापासून किती दूर आहे हे 15 च्या प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती साधारण किती विखुरतात, याच्या मापाने) मोजले. आजचे 112 हे असे स्थान आहे. त्याला ‘पैकी’ नाही. म्हणून ‘बुद्धिस्थानांक’ हा शब्द मला योग्य वाटतो.

प्रतिसाद : घडवलेला नवा शब्दही समजावूनच सांगावा लागेल. ‘शततमक’ऐवजी सरळ ‘पर्सेंटाइल’ लिहा आणि पुढे एक वाक्य जोडा : तिच्या वयाची शंभर मुले घेतली, तर साधारण 79 मुलांपेक्षा तिची कामगिरी सरस आहे.

प्रतिसाद : परका शब्दही जर समजावूनच सांगायचा, तर ‘शततमक’ने काय बिघडवले?

प्रश्नकर्ती : ते वाक्य मी वडिलांना वाचून दाखवले आणि त्यांचा चेहरा निवळला. मात्र त्याखाली ‘106 ते 117’ असेही छापलेले आहे. कोणत्याही मापनात थोडी चूक संभवते, म्हणून दिलेला तो पल्ला आहे. त्यासाठी मी ‘विश्वास-अंतराल’ लिहिले होते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे आता ते विचारत आहेत.

प्रतिसाद : ‘विश्वसनीयता-कक्षा’ कसे वाटते? आणि ‘बुद्ध्यांक’बद्दल अजून कोणी ‘अत्यंत’चे उत्तर दिलेले नाही.