पोलंड : १९१८ साली पुसलेल्या सरहद्दी मतदानात अजून का दिसतात?

नकाशावेडा
१९१८ पर्यंत पोलंड प्रशिया (नंतर जर्मनीचा भाग), रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांत वाटलेला होता. आता पोलंडच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा काढून बघा. परंपरावादी दुडा ५१ टक्के, उदारमतवादी त्शास्कोव्स्की ४९. एवढी अटीतटीची लढत, पण मतं सरमिसळ नाहीत. पश्चिम आणि उत्तर उदारमतवाद्यांकडे, पूर्व आणि आग्नेय परंपरावाद्यांकडे. मधली रेघ बरीचशी १८१५ साली व्हिएन्नात ठरलेल्या प्रशिया-रशिया सरहद्दीवरून जाते. साम्राज्यांनी लावलेलं वळण सहजी जात नाही, असं माझं मत.

तिरकस
वळण लावलं कोणाला? व्रोत्सवाफ, श्चेचिन १९४५ पर्यंत जर्मनीत होती. युद्धानंतर तिथल्या जर्मनांना हाकललं आणि मध्य पोलंडमधून, सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून माणसं आणून वसवली. ल्वूफहून (आता युक्रेनमधलं ल्विव्ह) आलेल्या कुटुंबात प्रशियन वळण शिरलं कुठून? भिंतींतून झिरपलं?

नकाशावेडा
पोझ्नानचं काय मग? तेही प्रशियात होतं, पण तिथले बहुतेक पोलिश पिढ्यानपिढ्या तिथलेच. कल मात्र तोच. उलट ऑस्ट्रियाकडे असलेल्या गॅलिशियात, म्हणजे दक्षिणेकडच्या भागात, आजच्या आग्नेयेकडच्या पोडकार्पात्स्की प्रांतात दुडाला ७० टक्क्यांच्या वर मतं.

तिरकस
क्राकूफ पण गॅलिशियातलंच, तिथे त्शास्कोव्स्की पुढे. वॉर्सा रशियाकडे होतं, तिथेही तोच. सोयीचे तुकडे उचलायचे आणि सिद्धांत मांडायचा!

रूळवाला
भांडा निवांत, पण आधी रेल्वेचा नकाशा बघा. प्रशियाच्या भागात रुळांचं दाट जाळं, जुनी सरहद्द ओलांडली की एकदम विरळ. १९४५ ला माणसं बदलली. रूळ, स्टेशनं, जवळजवळ वसलेली गावं-शहरं तिथेच राहिली. नव्याने आलेल्यांना वाडवडिलांची जमीन नव्हती, ओळखीचं चर्च नव्हतं. बरेच जण सरकारी शेतांवर मजुरी करत. चर्चचा शब्द तिथे कमी चालतो, तो यामुळे. आणि 'उदारमतवादी पश्चिम' हेही तसं अलीकडचंच. १९९५ ला हाच पट्टा माजी कम्युनिस्ट क्वाशनिएव्स्कीकडे होता, आग्नेय भाग कम्युनिस्टविरोधी चळवळीचा नेता लेक वालेसाकडे. पक्ष बदलले, पश्चिम विरुद्ध आग्नेय ही फूट राहिली.

तिरकस
म्हणजे पश्चिमेचं श्रेय १९४५ च्या स्थलांतराला, प्रशियाला नाही. माझंच म्हणणं!

रूळवाला
अर्धंच. स्थलांतराने पोझ्नानचं कोडं सुटत नाही.

नकाशावेडा
आणि ते स्थलांतर नेमकं जुन्या जर्मन सरहद्दीच्या आतच का झालं, तेही सांगा.

तिरकस
कारण जर्मनी युद्ध हरली आणि तो मुलूख पोलंडला मिळाला. प्रशियाच्या बिस्मार्कने २०२० ची मतं ठरवली असं यातून निघत नाही. गॅलिशियाबद्दल मात्र ऐकून घेईन. तिथली बहुतेक पोलिश माणसं हलली नाहीत, छोटी शेतं तशीच राहिली, आणि ऑस्ट्रियाने चर्चला रशियासारखं छळलं नाही.