मणक्याच्या दुखापतीनंतर दादाला परत बाहेर कसं न्यायचं?

पायवाट:
नमस्कार मंडळी. माझ्या दादाला अपघातात मणक्याला मार बसला, टी-१० लेव्हल, कंप्लीट इंज्युरी, म्हणजे बेंबीखाली संवेदना नाही आणि हालचालही नाही. रिहॅब झालंय, व्हीलचेअरवर स्वतःचा स्वतः चढतो-उतरतो, तब्येतही ठीक आहे. पण ज्या माणसाचा रविवार कधी घरात गेला नाही, सतत डोंगर नाहीतर नदी, तो आता खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतो. मित्र आले की झोपल्याचं दाखवतो. आई म्हणते आधी मन सावरू दे, मग बाहेरचं बघू. मला वाटतं बाहेर पडल्याशिवाय ते सावरणारच नाही. जबरदस्ती मात्र करायची नाहीये. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कशाने करू?

चाकस्वार:
मी पॅराप्लेजिक आहे, म्हणजे दोन्ही पाय लुळे, टी-८. आईंची काळजी समजते, पण माझ्या बाबतीत क्रम तुमच्यासारखाच होता, आधी बाहेर पडलो आणि मग हळूहळू मन आलं मागून.
एक सांगतो, त्याच्या जुन्या डोंगराच्या पायथ्याशी आधी नेऊ नका, तिथे प्रत्येक दगड त्याला आधी काय जमायचं तेच सांगेल. पाण्यावर न्या. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीत, सगळेच बसलेले असतात हो! व्हीलचेअरवर दिवसभर लोक आपल्याशी वरून बोलतात, पाण्यात सगळ्यांची डोकी एका उंचीवर. पोटाचे खालचे स्नायू त्याच्या ताब्यात नसतील त्यामुळे तोल जातो, म्हणून उंच पाठीची सीट आणि दोन्ही बाजूंना तरंगणारे आउटरिगर लावून घ्या, लाइफ जॅकेट आणि सोबत शिकवणारा माणूस हवाच. जमिनीवरच राहायचं असेल तर हँडसायकल, हातांनी चालवायची सायकल. आणि कुठे, कधी, कुणाबरोबर हे त्यालाच ठरवू द्या, अपघातानंतर आमचे सगळे निर्णय दुसरेच घेत असतात. पहिल्यांदा तो चिडेल, रडेलही कदाचित. रडू द्या.

फिजिओताई:
खेळ हा उपचाराचाच भाग आहे हे डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला दाखवून दिलं. १९४८ मध्ये तिथे व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली, पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. तेव्हा आईंना सांगा, हा नुसता विरंगुळा नाही.
आता धोके. सगळ्यात मोठा त्वचेचा. कयाकच्या सीटवरही प्रेशर कुशन (बसल्या जागेवरचा भार पसरवणारी गादी) हवी, दर १५-३० मिनिटांनी अंग उचलून किंवा पुढे वाकून भार हलवायचा, पायात बूट कायम, कारण घासलं किंवा तापलेल्या दगडाने भाजलं तरी कळणार नाही. घरी आल्यावर आरसा धरून पाठीखालची आणि टाचांची त्वचा बघायची, लाली राहिली तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार नाही. दुखापतीखाली घाम नीट येत नाही म्हणून उन्हात पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा. टी-६ किंवा त्यावरची, म्हणजे मानेच्या बाजूची, इंज्युरी असणाऱ्या वाचकांसाठी, अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्यावर घाम आला तर ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची पिशवी-नळी तपासा, आणि बरं वाटलं नाही तर लगेच इमर्जन्सी. दादाला हा धोका फार नाही.
खडीवर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, फूटरेस्टला जोडायचं एक मोठं चाक मिळतं, ते छोटी चाकं उचलून धरतं. खांदे जपा, पायांचं काम आता तेच करतायत.

रानपाखरू:
आमच्या ह्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण द्यायचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण, माणूस थोरच. पण हे म्हणाले, मला मेडल नको, मला नुसतं झाडाखाली बसायचंय. मग दुर्बीण घेऊन पक्षी बघायला लागलो. त्यात तासन् तास न हलता बसायचंच असतं, त्यामुळे हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी ओळखतात. दादाला प्रेरणादायी व्हिडिओ पाठवू नका, त्याला काय हवंय ते विचारा.

पायवाट:
खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं. पाण्याचं आज विचारते त्याला. एकच, तो ठरावीक वेळाने कॅथेटर घालून लघवी काढतो, दिवसभर बाहेर असलो तर कसं करायचं?

चाकस्वार:
निघण्याआधी आणि पाण्यात उतरण्याआधी ब्लॅडर रिकामं करायचं, एरवीचं वेळापत्रक तेच. जास्तीची कॅथेटर, सॅनिटायझर आणि कपड्यांचा एक जोड वॉटरप्रूफ पिशवीत. लघवी टाळण्यासाठी पाणी कमी प्यायचं नाही, इन्फेक्शन होतं. आणि कुठेही जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत पाण्यात नाही.