आयर्लंडमधील १८४७ ची अन्नछत्रे सहा महिन्यांतच का बंद झाली?

प्रश्न (वाचनवेडा): बटाट्याचे पीक रोगाने गेल्यामुळे आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला होता; फेब्रुवारी १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने तिथे मोफत अन्नवाटपासाठी तात्पुरता कायदा केला आणि जुलैपर्यंत रोज ३० लाखांहून अधिक लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जनतेला, अन्न मिळू लागले. एवढी मोठी व्यवस्था उभी राहिल्यावर ती सप्टेंबरच्या सुमारास का गुंडाळली गेली? शिवाय कोरडा शिधा न देता शिजवून वाढण्याचा खटाटोप कशासाठी होता?

उत्तर (जुनी_पाने): आधी दुसऱ्या प्रश्नाविषयी. कोरडे पीठ विकले जाईल, पण शिजवलेले अन्न विकता येत नाही आणि ज्याची खरोखर उपासमार होत आहे तोच त्यासाठी रांगेत उभा राहील, असा सरकारचा हिशेब होता. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात मका, तांदूळ आणि ओट यांची दाट पेज मिळे; नऊ वर्षांखालील मुलांना अर्धा वाटा असे. त्यापूर्वी सरकारचा भर रस्त्यांच्या कामांवर होता आणि मार्च १८४७ मध्ये त्यांवर ७ लाखांहून अधिक मजूर होते. अंगात त्राण नसलेल्या माणसांनी हिवाळ्यात खडी फोडायची आणि मिळालेल्या मजुरीत घरच्यांचे पोट भरेल एवढे धान्यही येऊ नये, असा तो प्रकार होता. त्या तुलनेत अन्नछत्रे स्वस्त पडली; मंजूर रकमेपैकी काही रक्कम तर शिल्लकच राहिली.

उत्तर (शेतीचा_विद्यार्थी): त्यामुळे पैसा संपला म्हणून ती बंद झाली, असे म्हणता येत नाही. कायदा मुळातच पुढच्या सुगीपर्यंतचा होता. त्या वर्षी बटाट्यावर रोग फारसा पडला नाही हे खरे, पण बेण्याचे बटाटे लोकांनी आधीच खाऊन टाकले होते, त्यामुळे लागवडच तुटपुंजी झाली होती. निरोगी पीक म्हणजे पुरेसे पीक, असे मानून सरकारने सारा भार स्थानिक करांवर चालणाऱ्या गरीब-साहाय्य मंडळांवर टाकला. त्यातच पाव एकरापेक्षा अधिक जमीन कसणाऱ्याला ती सोडल्याशिवाय मदत नाही, अशी अट आली. आज पोट भरण्यासाठी उद्याचे साधन सोडून द्यायला लावणारी ही अट मला अन्नछत्रे बंद करण्याहूनही घातक वाटते.

उत्तर (संथ_लेखणी): तरीही या अन्नछत्रांचे फार गोडवे गाऊ नयेत. प्रसिद्ध आचारी अलेक्सिस सॉयर यांनी एप्रिल १८४७ मध्ये डब्लिनला आदर्श स्वयंपाकघर उघडले, तेव्हा शंभर-शंभर माणसांना घंटा वाजवून आत घेतले जाई, चमचे साखळीने बांधलेले असत आणि उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळी पैसे मोजून भुकेल्यांचे जेवण पाहायला आली होती. सॉयर यांच्या पातळ सूपच्या पोषणमूल्याविषयी डॉक्टरांनी त्याच वेळी शंका घेतली होती.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तर सरकारच्या आधीच, १८४६ च्या अखेरीस, अशी केंद्रे सुरू केली होती. सरकारी केंद्रे बंद झाल्यावर त्यांनी हे काम पुन्हा का हाती घेतले नाही?

उत्तर (जुनी_पाने): सरकारी व्यवस्था आल्यावर ते बियाणे आणि मासेमारीच्या मदतीकडे वळले होते. शिवाय त्यांचे कार्यकर्ते थकले होते, काही जण तापाने दगावलेही होते. १८४९ मध्ये सरकारकडून विचारणा झाली तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण एवढा निधी उभारणे केवळ सरकारलाच शक्य आहे, असे त्यांचे स्पष्ट मत झाले होते.