जॉयस्टिक विंडोजला दिसते, पण विमान आपोआप डावीकडे कलते : सल्ला हवा

प्रश्न (मुलुंड)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी संगणकावर विमान उडवण्याचे खेळ खेळतो आहे, परंतु आतापर्यंत सर्व काही कीबोर्डवरच चालले होते. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेली यूएसबी जॉयस्टिक घेतली. दुकानात तपासली तेव्हा ती व्यवस्थित चालत होती. घरी आणल्यावर मात्र डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या खेळात दांडा पूर्ण मोकळा सोडला तरी विमान डावीकडे कलत राहते, आणि थ्रॉटलचा खटका पुढे सरकवला की इंजिन जोर धरण्याऐवजी मंदावते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये विमान सरळ जाते, पण तिथे मला एकाही बटणाचे काम बदलता येत नाही. शिवाय अधूनमधून, खेळ सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली की विंडोजचा यूएसबी निघाल्याचा आवाज येतो आणि जॉयस्टिक नाहीशी होते.

मुलाचे गाडीच्या खेळाचे स्टिअरिंग आणि पेडल याच संगणकाला कायम जोडलेले असतात, आणि सर्व काही एकाच यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडपेटीवर) आहे. जॉयस्टिक सदोष समजून नवी घ्यावी का, आणि घ्यायची झाल्यास कोणती, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (गोरेगाव)

नवी जॉयस्टिक घेण्याची घाई कृपया करू नका. तुमच्या वर्णनावरून दोष यंत्रात कमी आणि जोडणीत जास्त दिसतो. मात्र खात्री करून घेण्यासाठी आधी खेळ बंद ठेवून फक्त विंडोजला काय दिसते ते पाहावे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून, उघडणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल असे इंग्रजी अक्षरांत लिहा. जोडलेल्या उपकरणांची यादी येईल. त्यातून जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज उघडा. तिथे एका चौकोनात अधिकचे छोटे चिन्ह दिसते. दांडा सोडल्यावर ते मधोमध येऊन स्थिर राहत असेल, तर जॉयस्टिक निर्दोष आहे असे समजून पुढे जावे. ते एका बाजूला राहत असेल तर तिथेच कॅलिब्रेशन (दांड्याचा मध्य व टोके विंडोजला नव्याने दाखवणे) करून घ्यावे.

आता डावीकडे कलण्याविषयी. तुम्ही कोणते विमान उडवता हे लिहिलेले नाही, आणि इथे तो मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मोफत मिळणारे टीएफ-५१डी मस्टँग घेतले असेल, तर त्याचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने विमान, विशेषतः कमी वेगात पूर्ण शक्ती दिल्यावर, डावीकडे झुकते. तो दोष नव्हे. डीसीएसने खऱ्या विमानाचा स्वभाव तसाच उतरवला आहे आणि त्यावर रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे पाते) व ट्रिम (सतत दाब न देता विमान सरळ ठेवणारी बारीक जुळवणी) हाच उपाय आहे. म्हणून चाचणी मोफत मिळणाऱ्याच दुसऱ्या, म्हणजे सुखोई-२५टी या जेट विमानात घ्यावी.

जेटमध्येही तोच कल दिसला, तर मला दाट शंका मुलाच्या स्टिअरिंगची आहे. डीसीएस जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या अक्षांना (हालचालीच्या दिशांना) स्वतःहून काही कामे देऊन टाकते, त्यामुळे जॉयस्टिकचा आडवा अक्ष आणि स्टिअरिंगचा अक्ष असे दोन्ही एकाच वेळी रोलला, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलण्याला, जोडले जाऊ शकतात. स्टिअरिंग जरासे डावीकडे वळून राहिले की ते विमानाला सतत डावीकडे ओढत राहते. खेळ चालू असताना उजवी कंट्रोल आणि एंटर दाबले की पडद्यावर दांड्याची स्थिती दाखवणारी छोटी चौकट येते. तुम्ही दांड्याला हात न लावता मुलाला स्टिअरिंग फिरवायला सांगा. चौकटीतले चिन्ह हलले, तर कारण सापडले.

दुरुस्तीसाठी ऑप्शन्समधील कंट्रोल्समध्ये जा, वर विमान निवडा आणि गटांच्या यादीतून ॲक्सिस कमांड्स उघडा. आडव्या ओळींत कामे आणि उभ्या स्तंभांत उपकरणे दिसतील. रोल, पिच (नाक वर-खाली होणे), रडर आणि थ्रॉटल या चार ओळींत स्टिअरिंग व पेडलच्या स्तंभांत जे काही लिहिलेले असेल ते पुसून टाकावे. पेडलकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सोडलेले पेडल अक्षाच्या मध्यावर नव्हे तर एका टोकाला असते आणि त्यामुळे ते नकळत पूर्ण झुकाव देऊ शकते. थ्रॉटल उलटा चालतो त्यासाठी त्याच अक्षावर ॲक्सिस ट्यून उघडून इन्व्हर्ट हा पर्याय निवडला की पुरे. हे सर्व प्रत्येक विमानासाठी वेगवेगळे करावे लागते. सुखोईत केलेली जोडणी मस्टँगला लागू होत नाही, आणि पुष्कळ जण नेमके इथेच निराश होतात.

मायक्रोसॉफ्टच्या खेळात मूळ प्रोफाइल (बटणांच्या जोडणीचा तयार संच) बदलता येत नाही. आधी त्याची प्रत काढून तिला नवे नाव द्यावे, मग बटणे बदलता येतात आणि टिकतातही.

प्रतिसाद (ठाणे)

वरच्या सविस्तर उत्तरात जॉयस्टिक नाहीशी होण्याचा मुद्दा राहिला आहे, म्हणून लिहितो. जॉयस्टिक हबवरून काढून संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. एकदा निवडलेला पोर्ट मात्र बदलू नका. ज्या जॉयस्टिकला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तिला पोर्ट बदलल्यावर विंडोज नवे उपकरण समजते, आणि डीसीएसमधील मेहनतीने केलेल्या सर्व जोडण्या हरवल्यासारख्या दिसतात.

पुढे कधी चौकोनातले चिन्ह थरथरू लागले तर तो दांड्याची स्थिती मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा दोष असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत आतल्या संपर्कावर थर बसतो; कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दांडा दहा-बारा वेळा पूर्ण फिरवल्यावर तो बऱ्याचदा सुधारतो. तरीही थरथर राहिली आणि नवी घ्यायचीच वेळ आली, तर चुंबकीय हॉल सेन्सरची घ्यावी. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम तशीच आहे. तिच्यात दांड्याच्या मुख्य अक्षांसाठी घासणारा संपर्क नसल्याने ही झीज तिथे होत नाही.

धागाकर्ता (मुलुंड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री सुखोईमध्ये उजवी कंट्रोल आणि एंटर दाबून चौकट उघडली आणि मुलाला स्टिअरिंग फिरवायला सांगितले. दांड्याला माझा हातही लागलेला नव्हता, तरी चिन्ह त्याच्या बरोबर सरकत होते. स्टिअरिंग व पेडलचे सर्व अक्ष पुसल्यावर विमान सरळ गेले. थ्रॉटलही सुधारला. मागच्या पोर्टमध्ये लावल्यापासून सलग दीड तास उडालो, जॉयस्टिक एकदाही गेली नाही. आता मस्टँगसाठी हीच जोडणी नव्याने करायला बसतो आहे. तिथे उड्डाणाच्या वेळी उजवा रडर किती आणि केव्हा द्यावा, हे कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद (गोरेगाव)

रडर ट्रिम धावपट्टीवरच सुमारे ६ अंश उजवीकडे ठेवा, थ्रॉटल एकदम न देता हळूहळू वाढवा, आणि वेग येईपर्यंत दांडा मागे धरून शेपटीचे चाक जमिनीवर दाबून ठेवा. नाक डावीकडे सरकू लागताच उजव्या रडरचे छोटे छोटे दाब द्या. एकच मोठा दाब दिला तर विमान उलट दिशेला फेकले जाते.