अनुभव धागा: प्रोग्रामर म्हणून जपानला जाताना

पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी जपानला जाणारे बहुतेक सगळे त्याच पाच-सात ठिकाणी अडतात. प्रवासवर्णन नको. कुठला कागद कशाच्या आधी लागतो, पैसे किती लागतात, टीमला नेमकं काय हवं असतं आणि चुकतं कुठे, हे लिहा.

तोक्यो, बॅकएंड

आधी तारखा जुळवा. व्हिसाच्या अगोदर कंपनी इमिग्रेशनकडून सीओई, म्हणजे व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, काढते. त्याला साधारण १ ते ३ महिने लागतात आणि निघाल्यापासून तो ३ महिनेच चालतो. तेवढ्यात व्हिसा काढून जपानमध्ये उतरायला हवं. आपल्याकडे ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो, म्हणून सीओई हातात आल्यावर राजीनामा दिला तर मुदत हमखास संपते. अर्ज कधी टाकणार हे एचआरला विचारा आणि रिलीव्हिंगची तारीख त्यावरून ठरवा.

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड लगेच मिळतं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायचा. पत्ता कार्डाच्या मागे छापला जातो आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं: पत्ता असेल तर फोन नंबर, नंबर असेल तर बँक, बँक असेल तर पगार. सुरुवातीला मंथली मॅन्शनमध्ये, म्हणजे महिन्याच्या बोलीवरच्या तयार फ्लॅटमध्ये, उतरणार असाल तर तिथे पत्ता नोंदवता येतो का, हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या. जिथे येत नाही तिथे ही साखळी पहिल्याच कडीला थांबते.

नागोया, एम्बेडेड

वरच्यात एक भर. पदवी नसेल तर इंजिनिअरच्या कामाच्या व्हिसासाठी साधारणपणे १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मात्र आयटीच्या कामासाठी जपान सरकारने भारतातल्या काही परीक्षा मान्य केल्या आहेत. जुन्या डोएकच्या, आताच्या नायलिटच्या (केंद्र सरकारची संगणक-शिक्षण संस्था), ए, बी आणि सी लेव्हल त्यात येतात. डिप्लोमावाल्यांनी हे जरूर तपासावं.

तोक्यो, पेमेंट सिस्टिम

मराठी नावांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. रेसिडेन्स कार्डावर ते सगळंच्या सगळं रोमन लिपीत येतं. पण बँक, पगार आणि विमा काताकानावर, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीवर, चालतात, आणि काताकाना कार्डावर छापलेला नसतो. तो तुम्ही सांगाल तसा लिहिला जातो. कुयाकुशोत एक, बँकेत दुसरा, कंपनीत तिसरा असं झालं की पहिला पगार परत जातो.

कारण तांत्रिक आहे. झेनगिन, म्हणजे जपानी बँकांच्या आपसातल्या, पद्धतीच्या ट्रान्सफर फाइलमध्ये नाव अर्ध्या रुंदीच्या काताकानात असतं आणि स्वीकारणाऱ्याच्या नावाला ३० जागा असतात. त्यात 'दे', 'पा' अशा अक्षरांची खूण वेगळी जागा खाते. 'देशपांडे' पूर्ण रुंदीत ६ अक्षरांत बसतं, या फाइलमध्ये ९ जागा घेतं. आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव धरलं की ३० सहज ओलांडतात आणि शेपूट कापलं जातं. म्हणून निघण्याआधीच काताकाना पक्का करा, कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तोच द्या. खातं उघडल्यावर पासबुकावर जे छापलंय, त्याचा फोटो एचआरला पाठवा. नाव तोंडी सांगू नका.

कावासाकी, फ्रंटएंड

घराचा हिशोब. भाडं १ लाख येन धरा. शिकिकिन, म्हणजे डिपॉझिट, १ महिना. रेइकिन, जे परत मिळत नाही, १ महिना. एजंट १ महिना आणि त्यावर कर. गॅरंटर कंपनी अर्धा ते १ महिना. पहिलं भाडं, आगविमा, कुलूप बदलणं वेगळं. साधारण पाच ते साडेपाच लाख येन एकदम जातात, तेही पहिला पगार यायच्या आधी. तोक्योच्या आसपास दर २ वर्षांनी नूतनीकरणाला बहुधा आणखी एक महिन्याचं भाडं लागतं.

यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत रेइकिन, एजंट, गॅरंटर, नूतनीकरण यांपैकी काहीच नसतं, फक्त २ महिन्यांचं डिपॉझिट. कुटुंबासाठी भाडं ८२,५०० येनच्या आत असेल तर मासिक उत्पन्न भाड्याच्या ४ पट, भाडं त्यावर २ लाखांपर्यंत असेल तर उत्पन्न ३,३०,००० येन, अशी अट आहे. तोक्योतल्या निशिकासाईत भारतीय वस्ती वाढण्यामागे यूआर हे मोठं कारण आहे. दुसरं कारण तोझाई ही मेट्रो लाइन, जी ओतेमाचीच्या बँकांपर्यंत थेट जाते.

ओसाका, एसआय (क्लायंटसाठी सिस्टिम बनवून देण्याचं) प्रोजेक्ट

कोड येतो, जपानीही बरं येतं, तरी टीममध्ये विश्वास बसत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा अडचण बातमी उशिरा पोचण्यात असते. 'होऊन जाईल' हे आपल्याकडे आश्वासन असतं. इथे मात्र तारीख चुकण्यापेक्षा ती चुकणार हे शेवटच्या दिवशी कळणं जास्त लागतं. अर्धा दिवस अडकलात तर सांगा: काय झालं, काय राहिलं, कशावर अडलंय, पुन्हा किती वाजता सांगणार. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा.

बगच्या रिपोर्टला ठरलेला साचा आहे: घटना, कारण, परिणाम कुठपर्यंत पोचला, तात्पुरता उपाय, कायमचा उपाय, पुन्हा होऊ नये म्हणून काय. आपण थेट उपायावर उडी मारतो. क्लायंट आधी परिणामाची व्याप्ती विचारतो: किती रेकॉर्ड, कोणत्या तारखेपासून. मग योकोतेनकाई, म्हणजे हीच चूक इतर मॉड्यूलमध्ये आहे का हे शोधून त्याची यादी. 'पुढे काळजी घेऊ' हे शेवटच्या रकान्यात चालत नाही. चेकलिस्टमधली नवी ओळ किंवा सीआयमधली (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीतली) नवी टेस्ट लागते. हा साचा मला मनापासून आवडतो, कारण त्यात माणसाला दोष देण्याऐवजी पद्धतीतलं भोक शोधलं जातं.

टेस्टचा पुरावा एक्सेलमध्ये: तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट, आधीचा आणि नंतरचा डेटा, लॉग, फाइलच्या नावात केस क्रमांक. पाठवण्याआधी प्रत्येक शीटवर कर्सर ए१ वर आणि झूम १०० टक्के. क्षुल्लक वाटेल, पण उघडताच फाइल अशी दिसली तर आतलं कामही तपासलेलं असणार असं समोरचा धरून चालतो.

डिझाइन बदलायचं असेल तर मीटिंगमध्ये पहिल्यांदा मांडू नका. दोन-तीन मुख्य माणसांना आधी वेगवेगळं दाखवा, त्यांचे आक्षेप कागदात घ्या. मीटिंगमध्ये नुसता शिक्का बसतो.

फुकुओका, स्वतःचं प्रॉडक्ट बनवणारी कंपनी

वरचं सगळं एसआय आणि क्लायंटकडे बसण्याच्या कामाला लागू. प्रॉडक्ट कंपन्यांत पुल रिक्वेस्टवरच (कोडमधला बदल तपासायला टाकतात तिथेच) बोलणं होतं, एक्सेल क्वचित. ऑफर घेताना काम कुठे बसून करायचं हे विचारा, त्यावरून सगळं कळतं. पगारात ठरावीक ओव्हरटाइम धरलाय का, किती तासांचा, हेही पाहा. त्यावरच्या तासांचे पैसे वेगळे मिळायलाच हवेत.

पुण्यात जपानी शिकलेली, आता तोक्यो, क्यूए

जेएलपीटीत, म्हणजे एन५ ते एन१ अशा पातळ्यांच्या जपानी भाषेच्या परीक्षेत, बोलण्याची परीक्षाच नसते. एन२ होऊनही सकाळच्या मीटिंगमध्ये वाक्य सुचत नाही, ते त्यामुळेच. निघण्याआधी वर लिहिलेला रिपोर्टचा साचा जपानीत मोठ्याने म्हणायचा सराव करा. तरीही एन२ सोडू नका. हायली स्किल्ड व्हिसासाठी शिक्षण, पगार वगैरेंचे गुण धरतात, त्यांत एन२ ला १०, एन१ ला १५ मिळतात. एकूण ७० गुण ३ वर्षं टिकले किंवा ८० गुण १ वर्ष टिकले तर पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो; एरवी साधारण १० वर्षं.

योकोहामा, डेटा इंजिनिअर

रहिवासी कर साधारण १० टक्के, आधीच्या जानेवारी-डिसेंबरच्या कमाईवर, आणि तो पुढच्या जूनपासून कापला जातो. सप्टेंबरात आलात तर पहिल्या जूनला चारच महिन्यांच्या कमाईवर कर बसतो, दुसऱ्या जूनला पूर्ण वर्षाच्या. हातात येणारा पगार तेव्हा घटतो, मोठ्या भाड्याचं घर त्याआधी ठरवू नका. १ जानेवारीला पत्ता जपानात असेल तर त्या वर्षीचा कर देणं लागतं, मध्येच परतलात तरी.

पेन्शन १८.३ टक्के, अर्धं तुमचं, अर्धं कंपनीचं. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने ५ वर्षांच्या आत पाठवलं असेल तर ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट घ्या, जपानची पेन्शन भरावी लागत नाही. जपानी कंपनीत असाल आणि १० वर्षांआधी परतलात तर २ वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. सध्या तो जास्तीत जास्त ६० महिन्यांचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मिळवायला निघण्याआधी जपानातल्या कोणाला तरी कर-प्रतिनिधी नेमून टॅक्स ऑफिसात फॉर्म द्यावा लागतो. मात्र परतावा घेतला की ती वर्षं करारातल्या, दोन्ही देशांतली पेन्शनची वर्षं मिळवायच्या, बेरजेत धरली जात नाहीत.

निशिकासाई, घर आणि शेजार

मिक्सर. इथे १०० व्होल्ट आहेत. आपला ७५० वॅटचा मिक्सर त्यावर घुरघुरतो आणि तापतो. १५०० वॅटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर इथलाच घ्या. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरला काही लागत नाही. शेगडी विकत घेण्याआधी घरात सिटी गॅस आहे की प्रोपेन ते बघा, बर्नर वेगळे असतात. आयएच, म्हणजे इंडक्शन शेगडी, असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा आणा.

शाकाहारींनी पाकिटावर कात्सुओ लिहिलेलं नाही ना ते बघावं. माशाचा हा अर्क सूप, नूडल्सचं पाणी आणि कित्येक चटपटीत पाकिटांत असतो. कोंबू ही समुद्री वनस्पती, ती चालते.

कचरा त्या दिवशीच सकाळी, बहुधा ८ च्या आत. बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळून. मोठी वस्तू फोनवर वेळ घेऊन आणि दुकानातून स्टिकर आणून. फोडणीआधी पंखा लावा. तक्रार शेजारी तुमच्या तोंडावर करत नाही, मॅनेजमेंट कंपनीकडून सगळ्यांच्या पेटीत एकच सूचना येते. मजकूर तुमच्या वेळेशी जुळत असेल तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजून त्याच दिवशी बदल करा. दुसऱ्या सूचनेपर्यंत गेलं की पुढचं घर मिळताना त्रास होऊ शकतो.